शारदेचा पाचवा हात

देवादिकांमध्ये खातेवाटप कोणी केलं याचा पत्ता पुराणांत नीटसा लागत नाही. पण ज्याने केलं त्याला सरकारी कचेरीचा अनुभव दांडगा असला पाहिजे. लक्ष्मीकडे अर्थखातं. कुबेराकडे तिजोरीच्या किल्ल्या. चित्रगुप्ताकडे लेजर. यमाकडे वसुली. विघ्ननिवारणासारखं किचकट खातं गणपतीकडे. आणि सरस्वतीकडे? तिच्याकडे विद्या, वाणी, साहित्य, संगीत आणि कला! म्हणजे अंदाजपत्रकात ज्या खात्याचं नाव सर्वांत शेवटी येतं आणि रक्कम येता येता राहते, ते खातं. वर पुन्हा ‘लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत’ हा शेरा कोणीतरी तिच्या सेवापुस्तकात कायमचा मारून ठेवला आहे.

मी स्वतः कॉमर्सचा पदवीधर आणि पेशाने बँकेतला कारकून. पगार लक्ष्मीच्या खात्यातून उचलतो आणि लिहिण्याची खोड सरस्वतीच्या नावे टाकतो. लक्ष्मीचा ताळेबंद रोज संध्याकाळी जुळवावाच लागतो. नाही जुळला तर घरी जायला मिळत नाही. सरस्वतीचा ताळेबंद मात्र कोणी मागत नाही. आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, समीक्षेचीसुद्धा समीक्षा होते. परंतु ज्या बाईंच्या नावाने हा सगळा उद्योग चालतो त्यांच्या वाटेला कोणी समीक्षक गेलेला दिसत नाही. तेव्हा आज मीच जातो. देवीची समीक्षा नव्हे हो! मी बायकामुलांचा माणूस आहे, आणि मुलांच्या परीक्षा अजून व्हायच्या आहेत. देवीचं जे रूप आपण चित्रात, पोथीत, नाटकात आणि सभेत रंगवलं, त्याची समीक्षा.

सुरुवात चित्रापासून करू. सरस्वती म्हटल्याबरोबर तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे जी उभी राहते (उभी कसली, बसलेलीच असते), ती राजा रविवर्म्याची. हे चित्र १८९६चं. पाण्याकाठचा खडक, कमळं, शेजारी मोर, अंगावर पांढरीशुभ्र साडी आणि मांडीवर वीणा. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. या माणसाचे उपकार मानले पाहिजेत. तोवर देव देवळात राहत असत, आणि आत कोणी जायचं व बाहेर कोणी उभं राहायचं हे आधीच ठरलेलं असे. रविवर्म्याने देव कागदावर छापून बाजारात आणले. ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते, तोही देव गुंडाळी करून काखेत मारून घरी नेऊ लागला. खिळ्याला टांगलेली देवी ‘तू कोणाचा?’ असं विचारत नाही.

हे झालं छापखान्याचं श्रेय. आता प्रत्यक्ष चित्राकडे येऊ. पहिली शंका पांढऱ्या साडीची. तळ्याकाठच्या खडकावर शेवाळ असतं, चिखल असतो, आणि मोर हा पक्षी लांबून कितीही शोभिवंत दिसला तरी जवळ बसवून घेण्यासारखा स्वच्छ नव्हे. तरी त्या साडीला डाग म्हणून नाही. ही शंका मी सौ.पुढे मांडली तेव्हा ती म्हणाली, “तिच्या घरी धुणं कोण धुतं ते चित्रात दाखवलेलं नाही, एवढंच.” समीक्षा म्हणतात ती हीच!

दुसरी शंका जास्त गंभीर आहे. काउंटरवर बसणाऱ्या माणसाची नजर समोरच्याच्या तोंडाआधी हातांकडे जाते. मी देवीचे हात मोजले. चार. दोन वीणा वाजवण्यात गुंतलेले. एकात जपमाळ. एकात पोथी. झाले चार! रिकामा एकही नाही. मूर्तिशास्त्र जाणणारे सांगतील, की वरदहस्त दाखवलेल्या सरस्वतीही पूर्वी घडवल्या गेल्या आहेत. असतील. पण घराघरांतल्या खिळ्यावर जाऊन पोचली ती ही, चारी हात भरलेली.

यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. आमच्या बँकेत एक वाक्य रोज शंभर वेळा म्हटलं जातं : “हात रिकामा नाही, पलीकडच्या खिडकीवर जा.” हे वाक्य खोटं नसतं. म्हणणाऱ्याच्या हातात खरोखरीच शिक्का असतो, पेन असतं, स्लिपांचा गठ्ठा असतो. परंतु पेन्शनचा फॉर्म उलटा धरून उभ्या असलेल्या म्हातारीला तो सुलटा करून द्यायचा, तर एक हात मोकळा लागतो. दया ही भावना आहे असं निबंधात लिहितात. पण ती हाताने करायची गोष्ट आहे. पडलेल्याला उठवायला हात लागतो, तहानेल्याला पाणी द्यायला हात लागतो, रडणाऱ्याच्या पाठीवर ठेवायलाही हातच लागतो. प्रतिभा आणि करुणा या दोन्हींची देवता म्हणून आपण जिची आरती करतो, तिच्या प्रतिभेच्या कामाला आपण चार हात दिले आणि करुणेच्या वाट्याला नुसती प्रसन्न मुद्रा ठेवली. माझी मुख्य तक्रार ही आहे.

अर्थात परदेशातल्या देवी पाहिल्या की आपली पुष्कळ बरी वाटते. ग्रीकांकडे कलांच्या नऊ देवी. नऊजणी म्हणजे अठरा हात, त्यांतले थोडे तरी रिकामे असायला हवेत. पण थामिरिस नावाच्या गवयाने ‘मी तुमच्याहून बरा गातो’ असं म्हटलं, तेव्हा या नऊजणींनी त्याचे डोळे काढून घेतले आणि गाणंही काढून घेतलं. हस्तकलेची त्यांची देवी अथेना. अराक्नी नावाच्या एका पोरीने तिच्या तोडीचं विणकाम करून दाखवलं, म्हणून तिने त्या पोरीची कोळीण करून टाकली. मासे विकणारी नव्हे, जाळं विणणारी. स्पर्धकाला एवढं कडक पारितोषिक आमच्या गणेशोत्सवाच्या रांगोळी स्पर्धेतसुद्धा देत नाहीत.

आपल्या सरस्वतीलाही राग येतो, नाही असं नाही. ब्रह्मवैवर्त पुराणात सरस्वती, गंगा आणि लक्ष्मी या एका घरातल्या तिघी चांगल्या कडाडून भांडल्याची कथा आहे. शापांची देवाणघेवाण झाली आणि भांडता भांडता त्यांच्या पृथ्वीवर नद्या झाल्या. मला ही कथा फार आवडते. आपल्याकडे भांडण झालं की वाड्याची वाटणी होते, विहिरीची वाटणी होते, न्यायालयात तारखा पडतात आणि वकिलांची मुलं इंजिनियर होतात. या तिघींच्या भांडणातून लोकांना पाणी तरी मिळालं! असं भांडण आमच्या भांडगावातही झालेलं नाही.

भांडगाव ही माझी सासुरवाडी. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत ओलांडलं की लागतं. गावाच्या नावाचा आणि भांडणाचा काही संबंध नाही, असं आमची सासरची मंडळी पुन्हा पुन्हा सांगतात. आवाज चढवून सांगतात, एवढंच. या गावाकडे आपल्याला पुढे जायचंच आहे, कारण पाचव्या हाताचा शोध मला तिथेच लागला. पण वाटेत पोथी, पाटी आणि नाटक ही तीन ठिकाणं घ्यायला हवीत.

पोथीपासून. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या आरंभी त्यांनी गणपतीचं रूपक मांडलंय ते चांगलं वीसेक ओव्यांचं. त्याच्या दातापासून पायापर्यंत सगळं शास्त्रं-पुराणांनी मढवलं आहे. त्यानंतर शारदा येते. तिच्या वाट्याला किती ओव्या? एक! पुढच्याच ओवीत गुरुमाउली सुरू. आमच्या हिशेबी डोक्याला हे प्रमाण खटकलं. पण मग वाटलं, की पुढच्या नऊ हजार ओव्या म्हणजे तरी दुसरं काय आहे? ज्या माणसाला तिने उधार-उसनवार न ठेवता सगळं देऊन टाकलं, त्याने पोच एका ओळीची दिली तरी चालते. ज्यांना थोडं मिळतं तेच आभाराचं भाषण लांबवतात. समर्थांनी मात्र हिशेब चोख ठेवला. दासबोधाच्या पहिल्याच दशकात गणेशाला एक समास, शारदेला एक समास. समास गणिक समास. व्हाउचर पक्कं.

पोथीतली शारदा मोठ्या माणसांची. लहान मुलांची शारदा पाटीवर असते, आणि मला विचाराल तर या सगळ्यांत तीच अस्सल. दसऱ्याच्या दिवशी पाटी धुवायची आणि तिच्यावर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची. एकाला एक, एकाला एक असे एके जोडत गेलं की देवी तयार. या चित्राला रविवर्मा लागत नाही, रंग लागत नाहीत, चित्रकलेत पास व्हावं लागत नाही. ज्याला फक्त एक लिहिता येतो, त्यालाही देवी काढता येते. नव्याने शिकायला बसलेल्या पोराला पहिल्याच दिवशी दाखवलेली ही केवढी मोठी माया आहे! आणि एक गंमत सांगू? पाटीवरच्या सरस्वतीच्या हातांत काही नसतं. मुळात हात कुठले आणि साडी कुठली हेच कळत नाही. त्यामुळे ती भिववत नाही.

पुढे पोर मोठं होतं, पाटी फुटते आणि देवी सभागृहात जाते. समारंभातली सरस्वती तुम्ही पाहिली असेलच. टेबलावर तसबीर, तसबिरीला हार, पुढे समई. पाहुणे काडी ओढतात, वरचा पंखा ती विझवतो. संयोजक पंखा बंद करायला धावतात, तो दिवेच बंद होतात. अखेर एक वात कशीबशी पेटते आणि निवेदिका सांगते, की ज्ञानाचा प्रकाश आता सर्वत्र पसरला आहे. त्यानंतर अडीच तास ‘शारदेच्या दरबारातील पुजारी’ बोलतात. दरबार म्हटलं की मानकरी आले, मानकरी म्हटलं की मानपान आला, आणि मानपान आला की खुर्च्यांच्या रांगा आल्या. ज्या देवीला एकाच्या आकड्यावर भागतं, तिच्या दारात पहिल्या रांगेसाठी केवढी ही झोंबाझोंबी! नवीन लिहिणाऱ्या मुलाची वही एखाद्या मानकऱ्याने उघडून पाहिल्याचं दृश्य मात्र विरळा. हात रिकामा नसतो. हातात नारळ आणि शाल असते.

आता नाटक. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ सालचं. देवलांनी एक अजब काम केलं. शारदेला खडकावरून उतरवून एका गरीब ब्राह्मणाच्या घरात जन्माला घातलं. नाव शारदा, पण हातात ना वीणा ना पोथी. बाप कांचनभट पैशाच्या मोहाने तिला भुजंगनाथ नावाच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला. म्हणजे लक्ष्मीने शारदेला रोखीने विकत घ्यायचं ठरवलं. आणि लग्न मोडतं कशामुळे? वधू-वर सगोत्र निघतात म्हणून! म्हातारा पंचाहत्तरीचा आहे ही हरकत कोणी टिकू देत नाही. गोत्राची हरकत मात्र ताबडतोब मान्य होते. आमच्या खात्यात असं नेहमी घडतं. चेक देणारा लबाड आहे म्हणून चेक परत जात नाही. तारीख चुकली म्हणून जातो. देवलांना समाज चांगलाच कळला होता. करुणा स्वतःच्या पायांवर चालत आली तर आपण तिला दार उघडत नाही. शास्त्राचा दाखला घेऊन आली तर ‘या, बसा’ म्हणतो.

या नाटकाची एक पुरवणीही आहे. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो मांडणारे गृहस्थ अजमेरचे हरबिलास सारडा. त्यांच्या नावाने तो ‘सारडा कायदा’. मराठी माणसाच्या तोंडी त्याचा झाला ‘शारदा कायदा’! देवलांची शारदा घराघरांत रडून गेलेली. तिच्याच नावाने सरकारने कायदा केला असं कित्येकांनी खुशाल धरून चाललं. मला हा उच्चारातला घोटाळा मोठा गोड वाटतो. शारदेच्या नावावर करुणेची एकही जमा नोंद नव्हती, ती लोकांनी आपल्या हाताने करून टाकली.

शारदेला खरा पत्ता मिळाला तो मात्र कायद्याच्या चाळीस वर्षं आधी, आणि तिथूनच आपण भांडगावच्या रस्त्याला लागतो.

भांडगावच्या एस.टी. थांब्यावर मी एकदा सहज विचारलं, “आबा, केडगावला जायला कसं जावं?” म्हातारा म्हणाला, “चौफुल्यापस्तोर जावा, तिथनं वळा.” आणि मग माझ्या इस्त्रीच्या पँटीकडे बघून हळूच विचारता झाला, “पर नक्की केडगावलाच जायाचंय नव्हं? का चौफुल्यालाच उतरायचंय?” या प्रश्नाचा अर्थ पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या माणसाला सांगावा लागत नाही. चौफुला लावणीच्या थेटरांसाठी प्रसिद्ध आहे. आणि तिथून थोडं आत केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ति मिशन आहे. एकाच फाट्यावर शारदेची दोन घरं. मधल्या भांडगावात मी जावई.

रमाबाईंची गोष्ट आपण शाळेत चार ओळींत शिकलो आणि दोन मार्कांना लिहिली. ती निदान एका पानाची तरी आहे. जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचा गुन्हा केला आणि रानात जाऊन राहिले. पुढे दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर पायी देश तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकून तिथल्या पंडितांनी तिला पदवी दिली. कोणती? ‘सरस्वती’! चित्रातली नव्हे, पोथीतली नव्हे. अनवाणी चालून आलेली, उपास सोसलेली, हाडामांसाची.

पुढे लग्न झालं, आणि दोन वर्षांत वैधव्य आलं. रमाबाईंच्या अंगावर पांढरं लुगडं आलं. देवीच्या चित्रातला पांढरा रंग तो हाच. तिथे त्याला तेज म्हणतात आणि घरात अपशकुन म्हणतात. इंग्लंडला गेल्या, १८८३ साली ख्रिस्ती झाल्या, मग अमेरिकेला गेल्या, आणि परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी घर काढलं. त्याचं नाव ठेवलं ‘शारदा सदन’. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. शारदेला सदन मिळालं ते हे. तळ्याकाठचा खडक सुटला आणि डोईवर छप्पर आलं. तिथे पहिल्यापहिल्यांत आलेली एक मुलगी गोदूबाई जोशी. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. तीच आनंदीबाई कर्वे.

त्याच वर्षी सदनातल्या मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातं म्हणून मोठं वादळ उठलं. केसरीने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात कोणाचं किती बरोबर, यावर आजही पुण्यात दोन माणसं चहा थंड करू शकतात. मी फक्त हातांचा हिशेब बघणारा माणूस. पुढे १८९६-९७चा दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता. केडगावच्या माळावर घेतलेली जमीन कामाला आली. विहिरी खणल्या. १९००च्या सुमारास त्या माळावर सुमारे दीड हजार माणसं आणि शंभरावर गुरं होती. शेती, दूध, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना. सगळीकडे काम करणाऱ्या बायका. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. ते काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. त्याचे खिळे जुळवले त्याच आश्रमातल्या बायकांनी. ज्या पोरींच्या कपाळी अक्षर नव्हतं, त्या शिशाची अक्षरं जुळवून पुस्तक छापत होत्या. देवीचा धर्म या बाईंनी सोडला. देवीचं काम मात्र सोडलं नाही. आपल्यातल्या पुष्कळांचं नेमकं उलटं झालेलं असतं.

आणखी एक नाव इथे घ्यायला हवं. आता अनेक शाळांत सरस्वतीच्या तसबिरीशेजारी सावित्रीबाई फुल्यांची तसबीर असते. काहींना ते रुचतं, काहींना नाही. समीक्षक म्हणून मला त्यात रचनेची सोय दिसते. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवणारी ही बाई. आणि १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घराचं दार उघडणारीही हीच. हातात पुस्तक आणि कडेवर परक्याचं मूल. शेजारच्या तसबिरीत ज्याची उणीव आहे, ते या तसबिरीत भरून निघतं.

आता फाट्याच्या दुसऱ्या बाजूला, थेटरांकडे. तमाशात आधी गण होतो, गणपतीला आवाहन होतं, गणांमधून शारदेलाही बोलावणं जातं. तिथे पुजारी नाहीत, पोटासाठी नाचणाऱ्या बाया आहेत. याच पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नऊ महिन्यांची गर्भार असताना त्या फडावर उभ्या होत्या. कळा आल्या तशा कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या असं सांगतात. प्रेक्षकांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. त्यांना दोनदा राष्ट्रपतिपदक मिळालं, १९५७ आणि १९९० साली. २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीत. २००६पासून त्यांच्या नावाने सरकारी जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. म्हणजे जीवन संपल्यावर गौरव चालू झाला. वीणा वाजवणारीला विसावा द्यायचा असतो, हे त्या रात्री तंबूतल्या तिकीटवाल्यांना कळलं. कचेऱ्यांना कळायला चार वर्षं जास्त लागली.

ही सगळी समीक्षा मी भांडगावच्या ओसरीवर सासूबाईंना ऐकवली. त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी मोठ्या आवेशाने सांगितलं, की सरस्वतीच्या चित्राला पाचवा हात हवा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “जावईबापू, पाचवा हात कशापायी? आमास्नी दोनच हायेत की. भाकरी थापताना लेकरू रडाया लागलं, तर आमी काय तिसऱ्या हाताची वाट बघत बसतो व्हय? हातातलं खाली ठिवायचं, लेकराला उचलायचं. वीणा काय, भुईला टेकली म्हणून बाटत न्हाई.”

झालं! एवढी पोथी, नाटक आणि मूर्तिशास्त्र धुंडाळून जे मला मांडता येत नव्हतं, ते शेंगा फोडता फोडता निकालात निघालं. दयेला जास्तीचा हात लागत नाही. हातातलं थोडा वेळ खाली ठेवण्याची तयारी लागते. रमाबाईंनी संस्कृत पांडित्याची वीणा खाली ठेवली आणि केडगावच्या माळावर विहिरी खणवल्या. पांडित्य काही बाटलं नाही. उलट हिब्रू होऊन परत आलं. आणि विठाबाईंसारख्यांची तक्रार उलटी आहे. त्यांच्या हातातली वीणा खाली ठेवायची सवडच त्यांना कोणी दिली नाही. ती देणं हे समोर बसलेल्यांचं काम.

तेव्हा समीक्षेअखेर माझा शेरा असा : चित्र उत्तम. रंग पक्के. मोर ठीक. साडीबद्दल सौ.ची शंका कायम. हात चार पुरेसे आहेत. जादा हाताची मागणी रद्द समजावी. मात्र पुढच्या आवृत्तीत चित्रकाराने वीणा खडकाला टेकवून ठेवलेली दाखवावी आणि देवी कुठे दिसू नये. लोक विचारतील, कुठे गेली? सांगावं, आत्ता येते. बाहेर कोणीतरी रडत होतं.